फोनवरून अमेरिकेतले शेअर: सव्वा वर्ष वापरून पाचपैकी अडीच तारे

सुरुवातीलाच सांगतो, सेवेचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपला नंबर कळवा' एवढं एक उत्तर येतं आणि विषय मिटतो. मागे वॉशिंग मशीनच्या वेळी हे होऊन गेलंय. काम काय करतात ते सांगतो. फोनवर ॲप घ्यायचं, पॅन-आधार दाखवायचं, आपल्या बँकेतून डॉलर पाठवायचे आणि अमेरिकेच्या बाजारातले शेअर घ्यायचे. पाव शेअरसुद्धा मिळतो. मी घेतले संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचे बत्तीस.

माझं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी, एक सीएनसी लेथ, सात माणसं. दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर जॉबवर्क करून देतो. शेअरबाजाराशी माझा संबंध म्हणाल तर महिन्याची एसआयपी आणि कधीकाळी लागलेले दोन आयपीओ. मग अमेरिकेपर्यंत कशाला तडमडलो? दोष रविवारचा. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं एआरएआयची टेकडी चढतो आणि उतरल्यावर पौड रस्त्याच्या बाजूच्या एका अमृततुल्यात बसतो. मी, पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले मास्तर, बँकेच्या परकीय चलन खात्यात उभी नोकरी काढलेले काका, आणि हिंजवडीत चिपच्या व्हेरिफिकेशनचं काम करणारा माझा भाचा. चहावाला खलबत्त्यात आलं-वेलची कुटायला लागला की आमचं भांडण रंगात आलं म्हणून समजायचं.

जून २०२४ मध्ये भांडण इंटेलवर होतं. शेअर साडेतीस डॉलरच्या आसपास होता, २००० साली तो सत्तरीच्या वर जाऊन आलेला. चोवीस वर्षांनी निम्म्याहून खाली. आपल्याकडे एखाद्या कंपनीचं असं झालं असतं तर लोकांनी कागद रद्दीत घातले असते. पण मास्तरांपुढे असं बोलायची सोय नाही. मास्तरांनी तीस वर्षं पोरांना ८०८५ नावाच्या चिपच्या ट्रेनर किटवर शिकवलं. अजून झोपेतून उठवलं तरी तिला द्यायच्या हुकमांचे आकडे सांगतील, 'थ्री ई' म्हणजे एमव्हीआय ए, 'सेव्हन सिक्स' म्हणजे हॉल्ट. ती चिप इंटेलची, १९७६ ची. "अहो, ज्यांनी १९७१ मध्ये एका चिपवर अख्खा प्रोसेसर बसवला, ते बुडतील?" असं म्हणून ते बशी ठेवतात तेव्हा काकासुद्धा दोन मिनिटं गप्प बसतात.

भाचा बसत नाही. "मास्तर, चिपचं ड्रॉइंग काढणं वेगळं आणि चिप छापणं वेगळं. यांची छपाई बिघडली." मग त्याने 'दहा नॅनोमीटर' नावाच्या छपाईच्या प्रक्रियेची गोष्ट सांगितली. इंटेलने ती प्रक्रिया २०१६ च्या सुमाराला आणायची म्हटली होती, मोठ्या प्रमाणावर माल निघायला २०१९ उजाडलं. हॉलंडच्या एएसएमएल कंपनीचं अतिबारीक छपाईचं ईयूव्ही मशीन तेव्हा तयार नव्हतं, म्हणून यांनी जुन्याच मशीनवर एकेका थराला चार-चार वेळा छापून काम भागवायचं ठरवलं. त्यात रिजेक्शन वाढलं. तोवर तैवानची टीएसएमसी पुढे निघून गेली. २०२० मध्ये ॲपलनेही मॅकमधून इंटेलची चिप काढून स्वतःची घातली, आणि ती टीएसएमसीकडून बनवून घेतली. घरी येऊन तो हेच आमच्या हिला सांगत होता. 'एका वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून, इतक्या चिप निघतात' म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "उलटं रे, आधी बटाटा."

थोडक्यात, घासाघीस होऊन भाव पडलेला माल आणि मास्तरांची श्रद्धा या दोन्हीला भुलून मी ॲप घेतलं.

ॲपचं चांगलं आधी सांगतो. खातं दोन दिवसांत उघडलं. 'मी अमेरिकेचा करदाता नाही' असं लिहून देणारा डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म लागतो, तो पाच मिनिटांत झाला. शेअर घेण्याचा पडदा इतका सोपा की हिनेही घेतला असता. बत्तीस आकडा टाकला, बोट सरकवलं, झालं. तिथला बाजार आपल्या संध्याकाळी सातला उघडतो, हिवाळ्यात आठला. वर्कशॉपमधून येऊन, आंघोळ करून, आमटी गरम होईपर्यंत माणूस अमेरिकेचा भागीदार होऊ शकतो. या भागाला पाचपैकी साडेचार.

आता खरी गोष्ट. डॉलर ॲपमध्ये उगवत नाहीत, बँकेतून पाठवावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या, परदेशी पैसे पाठवायच्या एलआरएस योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, माझे हजार. बँकेत ए-टू फॉर्म भरला. त्या दिवशी डॉलरचा बाजारभाव ८३ रुपये ४० पैसे होता, बँकेने मला ८४ रुपये ६० पैशांनी दिला. वर पाठवणावळ हजार रुपये, त्यावर जीएसटी, शिवाय चलन बदललं म्हणून आणखी थोडा जीएसटी. एकूण ८५,९३२ रुपये गेले. बाजारभावाने ८३,४०० व्हायला हवे होते. म्हणजे इंटेलने हातपाय हलवायच्या आधीच मी तीन टक्के खाली. हे ॲप कुठेही सांगत नाही. त्यांच्या पहिल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'शून्य ब्रोकरेज' लिहिलंय, आणि ते खरंही आहे, माझ्याकडून ब्रोकरेज जवळजवळ घेतलं नाही. खोटं नाही बोलले, पण पुणेकराला अशी पाटी वाचून हसू येतं.

काका मला आधी म्हणालेच होते, "अरे, एकदम जास्त पाठव. फी ठोक असते, हजाराला तीच, पाच हजारालाही तीच." त्यांनी उभा जन्म त्या काउंटरच्या पलीकडे काढलाय. ऐकलं नाही.

ऑगस्ट २०२४. सिंहगड रस्त्यावर पाणी शिरलं त्याला आठवडा झाला होता, भोसरीला जायला-यायला दुप्पट वेळ लागत होता. गुरुवारी मध्यरात्री इंटेलचा निकाल आला: पंधरा टक्के माणसं कमी करणार, आणि वर्षाच्या शेवटच्या तिमाहीपासून लाभांश बंद. शुक्रवारी संध्याकाळी बाजार उघडला तो कोसळतच. एका दिवसात सव्वीस टक्के. माझे हजार डॉलर सातशेच्या खाली आले आणि बरोबर त्याच वेळी ॲपचा संदेश आला: 'इंटेल चर्चेत आहे!' पुढे ज्वाळेचं चित्र. घरात आग लागल्यावर शेजाऱ्याने 'आज तुमच्याकडे उजेड छान पडलाय' म्हणावं, तसं. ते संदेश बंद करायची कळ मला आठ महिन्यांनी सापडली. खात्यात, मग सेटिंगमध्ये, मग 'वैयक्तिक अनुभव' असल्या कसल्यातरी नावाखाली.

लाभांशाची गंमत सांगायलाच हवी. मी शेअर घेतल्यानंतर इंटेलने एकच लाभांश दिला, सप्टेंबर २०२४ चा, शेअरमागे साडेबारा सेंट. बत्तीस शेअरचे झाले चार डॉलर. त्यातला एक डॉलर अमेरिकेने कर म्हणून जागेवर कापला, कारण भारताशी असलेल्या करारात लाभांशावर पंचवीस टक्के आहेत. हातात तीन डॉलर, म्हणजे अडीचशे रुपये. आता हा लाभांश विवरणपत्रात दाखवायचा. कापलेल्या एका डॉलरची वजावट हवी तर फॉर्म ६७ वेगळा भरायचा. आणि परदेशात मालमत्ता असल्यामुळे परिशिष्ट एफए भरायचं, तेही आर्थिक वर्षाप्रमाणे नाही, जानेवारी ते डिसेंबर. नळ स्टॉपजवळ आमचे सीए बसतात. त्यांनी कागद पाहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "या बत्तीस शेअरचे तीन हजार वेगळे लागतील."

ॲप 'कराचा तयार अहवाल' देतं अशी जाहिरात आहे. देतं खरं. पण सगळे आकडे डॉलरमध्ये. वर्षातलं सर्वांत जास्त मूल्य किती, ३१ डिसेंबरला किती, हे सीएंच्या पोराने स्टेट बँकेचे दर शोधून हाताने रुपयांत केलं. मी मदतकक्षाला विचारलं की रुपयांतला अहवाल मिळेल का. तिसऱ्या दिवशी उत्तर म्हणून 'डॉलर म्हणजे काय' नावाचा लेख आला.

या सगळ्यात वर्ष संपलं. डिसेंबरअखेर शेअर वीसच्या आसपास, एप्रिल २०२५ मध्ये अठराच्या घरात. पॅट गेल्सिंगर नावाचे त्यांचे साहेब डिसेंबरच्या सुरुवातीलाच कंपनी सोडून गेले होते, मार्चमध्ये लिप-बू टान आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या निवडक बड्या कंपन्यांच्या डाऊ जोन्स निर्देशांकातून इंटेलला काढून तिच्या जागी एनव्हिडिया या दुसऱ्या चिपवाल्या कंपनीला घेतलं. त्या रविवारी मास्तर टेकडीवर आलेच नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले.

ॲपमध्ये विश्लेषण नावाची एक जागा आहे. गाडीच्या पेट्रोलच्या काट्यासारखा काटा असतो, 'विका'कडून 'घ्या'कडे. सव्वा वर्षात तो काटा मधल्या 'ठेवा'वरून मी पाहिलं तेव्हा एकदाही हलला नाही. त्यापेक्षा आमच्या चहाच्या टेबलावर जास्त शिकायला मिळालं, म्हणून तेही इथे लिहितो. ॲप घेणाऱ्याला उपयोगी पडेल.

इंटेलने २०२१ पासून ठरवलं की स्वतःच्या चिप बनवतोच, आता दुसऱ्यांच्याही बनवून द्यायच्या. याला ते फाउंड्री म्हणतात. अहो, हे तर जॉबवर्क! इथे मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. आमच्या गल्लीत एक व्हॉल्व्ह बनवणारे आहेत, मोठे, माझ्या दसपट. मंदीत त्यांची मशीनं रिकामी पडली, तेव्हा त्यांनी बाहेरचं मशीनिंग घ्यायचं काढलं. दर माझ्यापेक्षा कमी, मशीनं माझ्यापेक्षा नवी. तरी दुसऱ्या एका व्हॉल्व्हवाल्याने काम मला दिलं. का? मी व्हॉल्व्ह बनवत नाही. स्वतःचं ड्रॉइंग तो आपल्याच स्पर्धकाच्या टेबलावर कसा ठेवेल? टीएसएमसीचा १९८७ पासून हाच धंदा. स्वतःचा माल नाही, म्हणून ॲपल, एएमडी, एनव्हिडिया, सगळ्यांची ड्रॉइंगं त्यांच्या कपाटात. इंटेलला ती सवय नाही. जॉबवर्कवाल्याला गिऱ्हाईकाच्या शिव्या खायची सवय लागते, ती पन्नास वर्षं मालक म्हणून वावरलेल्याला एकदम कशी लागणार? त्यांच्या या फाउंड्री विभागाने २०२३ या एका वर्षात सात अब्ज डॉलर तोटा दाखवला.

"मामा, ते बरोबर, पण सगळं १८ए वर आहे," भाचा म्हणतो. १८ए ही त्यांची नवी प्रक्रिया. नाव अठरा अँगस्ट्रॉमवरून, म्हणजे एक पूर्णांक आठ नॅनोमीटर. भाच्याच्या मते आता ही नावं म्हणजे नुसतं लेबल, असं माप चिपवर कुठे मोजून सापडत नाही. त्यात त्यांनी चिपला वीज मागच्या बाजूने दिलीय. त्याने बशी उलटी करून दाखवलं. पूर्वी सिग्नलच्या आणि विजेच्या तारा एकाच बाजूला गर्दी करायच्या, आता वीज बशीच्या बुडाकडून, सिग्नल वरून. हे टीएसएमसीच्या आधी त्यांनी कारखान्यात आणलं. मास्तरांचा चेहरा उजळला. पण किती चिप पास होतात, हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाची धास्ती मला कळते. माझ्याकडे २५ एच७ चं बोअर असतं, म्हणजे पंचवीस मिलिमीटरच्या भोकाला एकवीस मायक्रॉनची मुभा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्लग गेज असतो, त्याची 'गो' बाजू आत गेली पाहिजे आणि 'नो-गो' जाता कामा नये. नव्या कामाच्या पहिल्या लॉटला दहातले तीन-चार तुकडे लाल डब्यात जातात. टूल बदल, कूलंट बघ, जॉब गार होऊ दे मग मोज, असं करत पंधरा दिवसांत डबा रिकामा राहायला लागतो. पण ते पंधरा दिवस झोप नसते, आणि गिऱ्हाईक रोज फोन करून विचारतं. इंटेलचं काम माझ्या एका मायक्रॉनच्याही कितीतरी आत चालतं, त्यांचा लाल डबा अब्जांचा. आणि जुलै २०२५ मध्ये तर त्यांनी स्वतःच कागदावर लिहून दिलं की पुढच्या १४ए प्रक्रियेला बाहेरचं मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही तर ते काम थांबवावंही लागेल. नवं मशीन मागवायच्या आधी मीही ऑर्डरची वाट बघतो. फक्त मी ते फळ्यावर लिहून लावत नाही.

मग गणपतीच्या आठवडाभर आधी बातमी आली की अमेरिकी सरकारच भागीदार होतंय. जवळपास दहा टक्के, २० डॉलर ४७ सेंटच्या भावाने. मास्तर खूश. काकांनी हवा काढली: "पैसे नवे नाहीत मास्तर. चिप कायद्याखाली अनुदान म्हणून कबूल केलेलेच बहुतेक, त्याच्या बदल्यात आता शेअर घेतले. आपला वाटा तेवढा पातळ झाला." चहात पाणी घातल्यासारखा, असं म्हणणार होते, पण चहावाला शेजारीच उभा होता.

१८ सप्टेंबरला एनव्हिडियाने पाच अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. शेअर एका दिवसात बावीस टक्क्यांहून जास्त वर, तीस डॉलरच्या पुढे. म्हणजे पंधरा महिन्यांनी मी जिथून निघालो तिथे परत. पितृपक्ष चालू होता, ही म्हणाली आज काही घेऊ-विकू नका. भाच्याचा फोन आला, "मामा, नीट वाचा. ते एकत्र नव्या चिप तयार करणार आहेत, पण आपल्या चिप इंटेलकडे छापून घेऊ असं एनव्हिडियाने कुठेही म्हटलेलं नाही." म्हणजे ड्रॉइंग अजून आलेलंच नाही! मी सोळा शेअर एकतीसने विकले, सोळा ठेवले. दसऱ्यापर्यंत शेअर पस्तिशी ओलांडून गेला, हे इथे लिहिलं नाही तर भाचा खाली येऊन लिहील.

पैसे परत आणणं ही या सेवेची सर्वांत वाईट बाजू. खोटं वाटेल म्हणून आकड्यांनिशी देतो. विक्रीचे आले ४९६ डॉलर. विक्रीचा किरकोळ खर्च एक, ॲपची पैसे काढायची फी पाच, आणि वाटेतल्या कुठल्याशा मध्यस्थ बँकेने अठरा कापले, कुणी ते विचारून उत्तर मिळालं नाही. राहिले ४७२. बाजारात डॉलर ८८ च्या वर असताना माझ्या बँकेने ८७ रुपये २० पैसे दिले आणि जमा करायची फी घेतली. खात्यात आले ४१,०४०. जाताना या सोळा शेअरसाठी गेले होते साधारण ४१,९३०. शेअर अर्ध्या डॉलरने वर विकला, डॉलर पावणेपाच रुपयांनी महाग झाला, तरी माझे नऊशे रुपये गेले. सीए म्हणतात, आयकराच्या हिशेबात हा नफाच धरला जाणार, कारण बँकेच्या भावातली फट त्यात वजा होत नाही. आणि चोवीस महिने झाले नाहीत म्हणून माझ्या स्लॅबप्रमाणे कर.

तेव्हा कुणी विचारेल, घ्यावी का ही सेवा? एका वेळी पाच-सात लाख पाठवणार असाल, सीए आधीच ठरलेला असेल, आणि वर्षानुवर्षं हात लावणार नसाल, तर घ्या, ॲप म्हणून चांगलं आहे. माझ्यासारखा हजार डॉलरवाला असाल तर आधी बँकेचा त्या दिवसाचा भाव आणि पाठवणावळ कागदावर मांडा. तारे अडीच दिलेत ते शेअर घेण्याच्या पडद्यासाठी.

परवाच्या रविवारी मास्तर म्हणाले, मला एकच घेऊन दे, पोरांना शिकवलं त्याची आठवण म्हणून. मी बिलाच्या पाठीवर मांडून दाखवलं: शेअर तीन हजार रुपयांचा, पाठवणावळ बाराशेची, विवरणपत्राचे तीन हजार दर वर्षी. मास्तरांनी बराच वेळ पाहिलं. "आणि कागदी सर्टिफिकेट येतं का? फ्रेम करता येईल असं?"

नाही येत. मदतकक्षाला विचारून ठेवलंय, आज चौथा दिवस.